वाट पाहण्याचे दोन शब्द

सुदाम सर गेल्याचं मला अशोकने सांगितलं. मी जालन्यात कचेरीच्या रस्त्यावर एका छोट्या खोलीत बसून कागदांची भाषांतरं करतो, मराठीतली इंग्रजीत आणि इंग्रजीतली मराठीत. अशोक माझ्याच वर्गातला. आता ट्रक चालवतो. त्या दिवशी संध्याकाळी तो आला आणि समोरच्या स्टुलावर बसला. मी हातातलं वाक्य संपवत होतो, म्हणून मान वर केली नाही. मग तो म्हणाला, "सर गेले." मी टाईप करता करताच विचारलं, "कुठं गेले?" ... पंख्याच्या वाऱ्याने टेबलावरचा एक कागद हळूहळू कडेला सरकला आणि खाली पडला, आणि तो जमिनीला टेकेपर्यंत मला कळलं होतं. केदारखेड्याला, आपल्या घरी, दुपारचं जेवून सर बाजेवर पडले होते. काकू चहाला उठवायला गेल्या तेव्हा पाय गार झाले होते. चेहरा झोपेतलाच होता, असं काकू नंतर सगळ्यांना सांगत होत्या.

याला आता सहा आठवडे झाले. या सहा आठवड्यांत मला सर सारखे दिसतात, पण अलीकडचे, काठी घेऊन चालणारे नाहीत. दिसतात ते तिशीतले, खिशाला शाईचा डाग असलेला पांढरा शर्ट घातलेले, पूर्णेच्या पुलावरून सायकल हातात धरून शाळेकडे येणारे. त्यांचं घर नदीच्या पलीकडच्या अंगाला होतं. थंडीच्या दिवसांत नदीवर धुकं असायचं आणि पूल त्यात पार बुडून जायचा. मग सर आणि त्यांची सायकल हवेतून तरंगत आल्यासारखी वाटायची. आधी सायकलची घंटी ऐकू यायची, मग शर्ट दिसायचा, आणि सर्वांत शेवटी चेहरा. आम्ही पोरं शाळेच्या फाटकात उभं राहून ते बघायचो. आता डोळे मिटले की तेच दिसतं, फक्त चेहरा दिसायच्या आधी डोळे उघडतात.

सर शेतकऱ्याच्या घरातले, आमच्यासारखेच. इंग्रजी शिकवायचे, पण बोलायचे आमच्याच बोलीत. आठवीत त्यांनी पहिल्या दिवशी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. वर्गात फिरत फिरत एवढंच म्हणाले की मराठीत एक शब्द जे काम करतो त्याला कधी कधी इंग्रजीत दोन गडी लागतात, आणि त्या दोघांत कामाची वाटणी काय, हे कळलं की इंग्रजी आलं. पुढे वर्षभर ते जोड्या लावत राहिले. लुक आणि सी, से आणि टेल, मेक आणि डू. प्रत्येक जोडीला आमच्या शिवारातलं उदाहरण. विहिरीत डोकावणं म्हणजे लुक, आणि तळाला बेडूक दिसला म्हणजे सी. मी घरापासून तीन कोस सायकल मारत यायचो आणि जाताना रस्त्यात दिसेल त्या गोष्टीवर हे शब्द चिकटवत जायचो. बैल लुक करतो की सी करतो, असल्या विचारात मी एकदा सायकलसकट रस्त्याकडेच्या चारीत गेलो होतो.

नववीत सहामाहीच्या पेपरात पत्र आलं. बाहेरगावी असलेल्या मोठ्या भावाला लिहा की दिवाळीला घरी ये, आई वाट पाहत आहे. मी शब्दकोश पाठ करणारा मुलगा. साधा शब्द लिहायचा नाही असं ठरवलेलं. मी लिहिलं, 'मदर इज एक्स्पेक्टिंग. कम सून.' पेपर तपासून झाले त्या दिवशी मास्तरांच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. दुसऱ्या एका गुरुजींनी माझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं होतं. थोड्या वेळाने सरांनी मला बोलावलं आणि शाळेमागच्या लिंबाखाली नेलं. ते हसत नव्हते. इकडे तिकडे बघत, जरा अवघडून, त्यांनी सांगितलं की इंग्रजीत बाई एक्स्पेक्टिंग आहे म्हटलं की तिला दिवस गेलेत असा अर्थ होतो. माझे कान तापले. मला वाटलं, आता ते मला जायला सांगतील. पण ते तिथेच बसले, मलाही बसवलं, आणि म्हणाले की तुझी चूक त्याच्याहून मोठी आहे.

"भोकरदनची बस साडेपाचला येती. पाच वीसला तू पुलाकडं बघायला लागतो. ती येणार हे तुला ठाऊक राहतं. हे झालं एक्स्पेक्ट," ते म्हणाले. "आता समज, सहा वाजले, सात वाजले, बस आली न्हाई. येईल का न्हाई कोणालाच ठाऊक न्हाई. तरी तू तिथंच बसून राह्यला, तर ते वेट."

मी विचारलं, "मंग आई कोणतं करती, सर?"

ते खाली पडलेली एक लिंबोळी उचलून ती बोटांत फिरवत राहिले. "तेच तुझ्या पत्रात कळायला पाहिजे व्हतं," असं म्हणाले आणि उठून गेले.

त्या दिवशी घरी जाताना अशोकने मला सरांच्या घरचं सांगितलं. तो सरांच्याच गल्लीत राहायचा. सरांचा एक धाकटा भाऊ होता, विष्णू. सरांहून दहा वर्षांनी लहान; वडील लवकर गेल्यामुळे सरांनीच वाढवलेला. दहावीला तो तीनदा बसला आणि तीनदा इंग्रजीतच अडकला. तिसऱ्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तो कपड्यांची पिशवी घेऊन जालन्याच्या बसमध्ये बसला, आणि त्यानंतर त्याचा पत्ता नव्हता. याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. सर परभणी, नांदेड, मनमाड, सगळीकडे जाऊन आले होते. पोलिसांत कळवून झालं होतं, नातेवाइकांना पत्रं गेली होती. मी रात्रभर माझ्या त्या पत्राचा विचार करत पडलो. भावाला दिवाळीला बोलावणारी साठ-सत्तर पत्रं सरांनी त्या आठवड्यात लाल शाईने तपासली होती...

दहावीत मी शिकवणीला त्यांच्या घरी जाऊ लागलो. सर फी घेत नसत. काकू मात्र जाताना आम्हाला आडाचं पाणी शेंदून द्यायला लावत. पत्र्याचं घर, पुढे मातीचा ओटा, ओट्याच्या कोपऱ्यात सरांची आई बसलेली. तिला सगळं गाव माय म्हणायचं. कापसाच्या वाती वळत ती रस्त्याकडे तोंड करून बसायची, आणि कोणी बाहेरगावाहून आल्यासारखा दिसला, हातात पिशवी असली, पायाला धूळ असली, की त्याला विचारायची, "आमचा विष्णू दिसला का रे?" हसनाबादहून आलेला असो की हैदराबादहून, प्रश्न तोच. आवाजात रडं नसायचं, घाई नसायची. बाजारात टमाटे काय भावाने आहेत असं विचारावं तसं विचारायची आणि "न्हाई, माय," असं ऐकलं की "बरं" म्हणून पुन्हा वात वळायला घ्यायची.

सरांना ते सहन होत नसे. ते आतून ओरडायचे नाहीत, पण शिकवता शिकवता थांबायचे. खडू हातात तसाच राहायचा. बाहेरचं "बरं" ऐकू आलं की पुढचं वाक्य सुरू व्हायचं. आम्हाला त्या थांबण्याची सवय झाली होती. तो वेळ आम्ही पेन्सिलींना टोक करायला वापरायचो.

मग आमची पांगापांग झाली. मी जालन्याला कॉलेजला आलो, तिथेच टायपिंग शिकलो, आणि हळूहळू भाषांतराच्या कामात पडलो. या कामात मला सरांइतकं कोणी उपयोगी पडलं नाही. शब्द अडला की मी त्यांना फोन करायचो. ते कधीच पटकन उत्तर द्यायचे नाहीत. आधी विचारायचे, कोण बोलून राह्यलं, कोणाला बोलून राह्यलं, त्या वेळी दोघं बसलेले होते का उभे. एकदा एका कागदात 'घर सोडलं' असं होतं, तर त्यांनी मला पाच मिनिटं विचारलं की जाताना त्या माणसाने मागे वळून बघितल्याचं लिहिलंय का. मी म्हणालो, सर, हा कागद आहे, त्यात एवढं नसतं. ते म्हणाले, मंग तुला शब्द पण तसाच मिळंल.

सर निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या वर्षी अशोक माल घेऊन निजामाबादकडे गेला होता. तिथे एका चौकात ट्रकच्या मागच्या फळीवरची अक्षरं पुसली होती ती रंगवून घ्यायला थांबला. रंगवणारा माणूस हिंदी-तेलुगू बोलत होता. पण काम झाल्यावर अशोकने फळीला हात लावायला आणि त्या माणसाच्या तोंडून निघून जायला एकच गाठ पडली, "हात नका लावू, वाळून राह्यलंय." ती थेट आमच्या गावाकडची बोली होती. त्याने गाव कोणतं म्हणून विचारलं. तो माणूस "लांबचं" म्हणाला आणि ब्रश धुवायला वळला. अशोकने त्याचा पाठमोरा फोटो मोबाईलवर काढला आणि परत आल्यावर सरळ केदारखेड्याला जाऊन सरांना दाखवला.

सरांनी फोटो दोन क्षण बघितला आणि फोन परत दिला. हा नसंल, असं म्हणाले. अशोकला राग आला. त्याने मला फोन करून सांगितलं की सरांना भाऊ नकोच आहे. मी सरांना विचारायचं धाडस केलं नाही. तीन आठवडे गेले. एका सकाळी सर माझ्या खोलीच्या दारात उभे. हातात पिशवी, धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी. दुपारच्या गाडीला बसायचं आहे, तू सोबत चल, एवढंच म्हणाले. काकूंना बहिणीकडे जातो असं सांगून आले होते. मायलाही सांगितलं नव्हतं.

त्या गाडीच्या प्रवासाइतका लांब प्रवास मी कधी केला नाही. खिडकीतून कपाशीची शेतं मागे जात होती. बोंडं फुटलेली होती, त्यामुळे मैलोन्मैल जमिनीवर पांढरं काहीतरी अंथरल्यासारखं दिसत होतं. सर खिडकीला टेकून बसले होते आणि उन्हाचा पट्टा त्यांच्या मांडीवरून सरकत होता. परभणी गेल्यावर ते बोलायला लागले, माझ्याकडे न बघता. म्हणाले की विष्णू गेला त्याच्या आदल्या दिवशी धावड्याहून दोन पाहुणे आले होते. त्यांच्यासमोर विष्णूने निकालाचा कागद दिला. "मी काय म्हणालो माहीत आहे तुला? मी म्हणालो, तुझ्याकडून माझी हीच अपेक्षा होती." ... मग ते म्हणाले, "रागावलो न्हाई, ओरडलो न्हाई, हात उचलला न्हाई. एक वाक्य. शाळेत शिकवायचो ना मी, एक्स्पेक्ट म्हणजे काय ते."

मला तेव्हा लक्षात आलं की आठवीपासून दहावीपर्यंत, आणि नंतरही, त्यांनी मला किंवा कोणाही मुलाला तुझ्याकडून अमुक अपेक्षा होती किंवा नव्हती असं कधी म्हटलेलं नव्हतं. नापास झालेल्यालाही नाही आणि पहिला आलेल्यालाही नाही. शाळेत असताना मला ते त्यांचं मोठेपण वाटायचं. गोदावरीचा पूल आला तेव्हा डब्यातल्या लोकांनी हात जोडले. सरांनीही जोडले. पाणी खूप खाली होतं आणि त्यात एक माणूस गुडघाभर उभा होता, काही न करता. तो दिसेनासा होईपर्यंत सर मान वळवून बघत राहिले.

रात्री आम्ही निजामाबादला धर्मशाळेत झोपलो आणि सकाळी दहाच्या सुमाराला त्या चौकात गेलो. रस्त्याच्या कडेला एका भिंतीला पाटी टेकवून ठेवलेली होती आणि एक माणूस बैठकीवर बसून तिच्यावर इंग्रजी अक्षरं काढत होता. पाठ आमच्याकडे. डोक्यावर मागून टक्कल पडलेलं, मानेवर निळ्या रंगाचा शिंतोडा. अक्षरं इतकी सुंदर होती की मी माणसाआधी त्यांच्याकडेच बघितलं. छापल्यासारखी सारखी, आणि प्रत्येकाच्या कडेला बारीक सोनेरी रेघ. शेजारी दगडाखाली गिऱ्हाइकाने हिंदीत लिहून दिलेली चिठ्ठी होती. वह्या-पेनांच्या दुकानाची पाटी होती ती. इंग्रजीत स्टेशनरी दोन आहेत. शेवटून तिसरं अक्षर 'ई' असलं तर वह्या-पेनं, आणि 'ए' असलं तर एका जागी थांबून राहिलेलं, न हललेलं. त्या माणसाने 'ए' काढला होता आणि त्याच्या पायाला सोनेरी रेघ ओढत होता.

मी सरांकडे बघितलं. त्यांनी ते बघितलं होतं. ज्या माणसाने लग्नाच्या पत्रिकेतली चूक दाखवायला पाहुण्याच्या घरी परत फेरी मारली होती, तो माणूस तोंड मिटून उभा होता. मागे कोणीतरी उभं आहे हे त्या माणसाला जाणवलं असावं. न वळताच त्याने हिंदीत विचारलं, "देखो तो साहब, स्पेलिंग बराबर है क्या?"

सर म्हणाले, "बराबर आहे."

ब्रश थांबला. सोनेरी रंगाचा एक थेंब त्याच्या टोकाला जमला, लांब झाला आणि मातीत पडला. तो माणूस वळला नाही. पाटीकडेच तोंड ठेवून त्याने डावा हात मागे केला, आणि सरांनी पुढे होऊन तो धरला. मी रस्त्याच्या पलीकडे गेलो आणि एका दुकानात उगाचच साबणाची किंमत विचारली.

परत आलो तेव्हा दोघं भिंतीच्या सावलीत जमिनीवर बसले होते. चहा आला होता आणि कोणी प्यायला नव्हता. सर त्या दिवसाबद्दल, पाहुण्यांबद्दल, त्या वाक्याबद्दल बोलत होते. मराठीत, मास्तरांच्या मराठीत, शब्द निवडून. विष्णूकाका ऐकत होते. मग म्हणाले, "दादा, मला ते शब्द आठवत बी न्हाईत. तुम्ही चष्मा काढून बाजूला ठेवला व्हता, तेवढं आठवतं." आणि हळूहळू सगळं सांगितलं. रागाने ते गेलेच नव्हते. चार दिवस काम बघू, काहीतरी करून दाखवू आणि परत येऊ असं ठरवून निघाले होते. चार दिवसांचा महिना झाला. मग रिकाम्या हाताने कसं जायचं, असं वाटलं. मग इतक्या दिवसांनी कसं जायचं, असं वाटलं. मग लग्न झालं, मुलगी झाली, आणि आता कोण ओळखणार, असं वाटलं. "रोज उद्या जातो म्हणायचो. तुम्ही इथवर याल असं कधी वाटलं न्हाई. पण वाट पाहत व्हतो."

सरांनी माझ्याकडे बघितलं. शिकवताना एखादा मुलगा अचानक बरोबर बोलून गेला की ते वर्गाकडे जसे बघायचे, तसे.

येतानाच्या गाडीत मात्र ते अस्वस्थ होते. मला वाटलं, इतक्या वर्षांचं साठलेलं असेल. नांदेड गेल्यावर त्यांनी विचारलं, "ती पाटी तो दुकानदार लावंल का रे?" घरी पोचल्यावर दोन दिवसांनी त्यांनी विष्णूकाकांना फोन करून पाटीचं विचारलं. पाटी गेली होती, गिऱ्हाइकाला फार आवडली होती. सरांनी बरं म्हणून फोन ठेवला आणि पुढे कित्येक महिने ते मला अधूनमधून सांगायचे की आयुष्यात एकच चूक मी समोर बघून पास केली. ती पाटी अजून तिथे लागलेली असेल.

विष्णूकाका त्याच महिन्यात केदारखेड्याला आले, बायको आणि मुलीला घेऊन. त्यांनी कळवलं नव्हतं. दुपारी बसमधून उतरले आणि चालत घरी आले. माय तेव्हा पंच्याऐंशीच्या आसपास असेल. डोळ्यांना फारसं दिसत नव्हतं, ओट्यावर तीच जागा होती. मी दुसऱ्या दिवशी गेलो; पुढचं सांगतो ते डोळ्यांनी बघितलेलं आहे. विष्णूकाका तिच्या शेजारी बसले होते. तिने त्यांचा हात हातात घेतला होता, बोटं चाचपत होती, नखांत राहिलेला रंग अंगठ्याने खरवडत होती. आणि त्यांच्या तोंडाकडे बघून तिने विचारलं, "आमचा विष्णू दिसला का रे?"

काकू म्हणाल्या की कालपासून तेच चाललंय. सगळ्यांनी सांगून बघितलं, हाच तो. ती मान हलवते, त्यांच्या डोक्यावरून हात फिरवते, जेवलास का विचारते, आणि घटकाभराने पुन्हा तेच विचारते. मला वाटलं, विष्णूकाका कोसळतील. ते कोसळले नाहीत. पाटीवर रेघ ओढावी तशा शांतपणे म्हणाले, "दिसला, माय. येऊन राह्यला तो."

ती म्हणाली, "बरं."

ते पंधरा दिवस राहिले, आणि पंधरा दिवस हे असंच चाललं. ती विचारायची, ते सांगायचे, येऊन राह्यला. त्यांच्या मुलीला मराठी येत नव्हतं, पण ती एवढं वाक्य शिकली, आणि वडील आडाकडे गेले असले तर तीच उत्तर द्यायची. सर आतल्या खोलीत बसून ऐकायचे. मी एकदा धीर करून म्हणालो, सर, तिला कळायला हवं होतं हो. ते म्हणाले की तीस वर्षं ती ज्याची वाट पाहत बसली तो वीस वर्षांचा होता, पिशवी घेऊन गेलेला. तो कुठून आणायचा? "आन् तिला काही कमी पडून राह्यलं का, सांग. हात धरायला माणूस आहे. वाट पाहायला पण आहे." त्याच थंडीत माय गेली. विष्णूकाका तेव्हा शेजारीच होते, कारण त्या हिवाळ्यात ते चौथ्यांदा आले होते.

पुढची आठेक वर्षं सरांची बरी गेली. विष्णूकाका दर दोन-तीन महिन्यांनी यायचे. दोघं भाऊ ओट्यावर बसायचे आणि फार बोलायचे नाहीत. सर त्यांना स्पेलिंगं शिकवायला लागले होते; साठीला टेकलेला भाऊ वहीत इंग्रजी शब्द सुरेख अक्षरांत लिहायचा आणि निम्मे चुकवायचा. सर लाल पेन हातात घेऊन बसायचे, पण मी त्या वहीत लाल खूण कधी बघितली नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, अक्षर बघ ना त्याचं, त्याच्यावर कुठं रेघ मारायची...

सर गेल्यावर मी तेरा दिवस केदारखेड्याला होतो. विष्णूकाका निजामाबादहून आले, पोचायला उशीर झाला, पण सगळे थांबले होते. तेराव्यानंतर मी जालन्याला आलो आणि कामाला लागलो. काम थांबत नाही.

परवा एक कागद आला. एका बाईची हकिगत होती. नवरा कामाला म्हणून गेला तो आलाच नाही, आणि त्यात एक साधं वाक्य होतं: 'मी सात वर्षे त्याची वाट पाहिली.' मी वेट लिहिलं. मग वाटलं, तो परत येईन असं सांगून गेलेला होता, म्हणजे तिला खात्री असणार. म्हणून ते खोडून एक्स्पेक्ट लिहिलं. मग तेही खोडलं. बाहेर कचेरी सुटल्याची गर्दी होती. हात आपोआप फोनकडे गेला, नंबर लागला, घंटी वाजायला लागली, आणि तेव्हा मला कळलं की मी काय करतोय. ठेवणार तेवढ्यात पलीकडून कोणीतरी "हां, बोला," म्हणालं.

विष्णूकाका होते. दादाचा फोन त्यांनी चालू ठेवला होता. म्हणाले की जुने विद्यार्थी फोन करतात, कोणी पुण्याहून, कोणी नागपूरहून, त्यांना ठाऊक नसतं. कोणीतरी सांगायला पाहिजे. त्यांनी विचारलं की मी कशासाठी फोन केला. मला खोटं सुचलं नाही. एक शब्द अडलाय, असं मी म्हणालो.

ते म्हणाले, "सांगून तर बघा."

मी त्यांना ते वाक्य वाचून दाखवलं. दोन शब्द सांगितले, दोन्हींचा फरक सांगायला सुरुवात केली, पण त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"ती बाई अजून त्याच घरात राहती का?"

मी कागद वर केला. वरच्या ओळीत पत्ता होता, खाली सहीजवळही पत्ता होता. दोन्ही एकच होते. मी म्हणालो, "हो, काका. त्याच घरात."

"मंग वेट लिहा," विष्णूकाका म्हणाले, आणि मी लिहिलं.